मातीपासून गिऱ्हाइकापर्यंत

उंच आचेत भाजलेली माती मराठी स्वयंपाकघरात शिरली ती लोणच्याच्या बरणीतून. वर तपकिरी, खाली मळकट पांढरी, तोंडाला दादरा बांधून फडताळात ठेवलेली ही बरणी खाराने खाल्ली जात नाही, आंबटाने तिची झिलई उतरत नाही, तेल तिच्यातून पाझरत नाही. अशा बरण्या करणाऱ्या कारखान्यांत सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरी वर्क्सचे नाव मोठे होते आणि तो उद्योग उभा करणारे परशुराम गणपुले मराठी होते. त्याच घरातला पाण्याचा माठ मात्र गावच्या कुंभाराकडून यायचा. बरणीच्या मागे यंत्रे आणि मजुरांची रांग होती. माठाच्या मागे एक कुटुंब, त्याची जात आणि गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता.

स्टुडिओ कुंभार या दोघांच्या मधल्या जागेत काम करतो. कारखान्यात माती मिसळणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, भट्टीवाला वेगळा आणि विकणारा तर दुसऱ्याच शहरात. कुंभाराच्या घरी बाप चाकावर बसतो, आई माती तिंबते, मुले आवा रचायला हात लावतात. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातले घट आणि दिवाळीच्या पणत्या यांचे गिऱ्हाईक दारात येते. स्टुडिओत ही सगळी कामे एका माणसावर, फार तर दोघा-तिघांवर येऊन पडतात. मातीची निवड त्याची, आकार त्याचा, झिलईचे रसायन त्याचे, आग त्याची आणि किंमत लावणेही त्याचेच. भारतातल्या या कामाचा शंभर वर्षांचा पट पाहताना हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: यातले किती दुवे कोणी स्वतःच्या हातात ठेवले, आणि त्यासाठी काय मोजले?

आरंभाची एक चाहूल मुंबईतच लागली होती. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली सुरू झालेल्या कलाशाळेत 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली भांडी होऊ लागली. सिंधची मातीकामाची परंपरा आणि जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याहून उतरवून आणलेल्या आकृत्या, असा तो संगम होता. या ‘बॉम्बे पॉटरी’चे नमुने आज परदेशी संग्रहालयांत दिसतात आणि ते सुंदर आहेत. पण तिथे नक्षी सुचवणारा एक, काढणारा दुसरा आणि भांडे ओढणारा तिसरा होता. शाळेच्या बाहेर त्या कामाचा वंश वाढला नाही, याचे एक कारण मला या वाटणीत दिसते. सगळी प्रक्रिया ज्याच्या हातात आहे आणि जो ती पुढच्याला सोपवू शकेल, असा माणूस त्या व्यवस्थेतून घडतच नव्हता.

तसा माणूस दिल्लीला घडला. सरदार गुरचरणसिंग (1898–1995) भूगर्भशास्त्र शिकलेले होते. रामसिंग काबुली यांच्या मातीकामाच्या धंद्यात ते आले आणि 1919 साली शिक्षणासाठी जपानला गेले. तिथे त्यांची गाठ इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार शोजी हामादा व केनकिची तोमिमोतो आणि विचारवंत सोएत्सु यानागी यांच्याशी पडली. पुढच्याच वर्षी लीच आणि हामादा इंग्लंडला निघून गेले आणि त्यांनी सेंट आइव्ह्‌ज या कोळ्यांच्या गावात भट्टी उभारली. पाश्चात्त्य स्टुडिओ कुंभारकामाची मुळे सांगताना त्या भट्टीचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. म्हणजे ही चळवळ जगभर पसरण्याआधी, ती जिथे आकार घेत होती त्या मित्रमंडळात एक पंजाबी तरुण बसलेला होता. यानागींचा आग्रह असा की निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या भांड्यात सौंदर्य असते. गुरचरणसिंगांनी तो विचार मायदेशी आणला. दिल्लीच्या पठाण कुंभारांची निळी झिलई त्यांना आधीपासून ठाऊक होती. 1952 साली त्यांनी दिल्लीत स्वतःची डेल्ही ब्लू पॉटरी सुरू केली, पुष्कळांना शिकवले, आणि पुढे त्यांचा मुलगा मनसिमरनसिंग याने कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेटा गावात तेच काम चालवले. 1991 साली गुरचरणसिंगांना पद्मश्री मिळाली.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो वर्ध्याचा अध्याय, आणि त्याच्याबद्दल मराठीत फार कमी बोलले जाते. देवीप्रसाद (1921–2011) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि 1944 साली सेवाग्रामला आले. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा असा होता की मुलाने हाताच्या उद्योगातूनच गणित, विज्ञान आणि समाज शिकावा. सूतकताई तिथे अग्रभागी होती. देवीप्रसादांनी चित्रकलेबरोबर मातीलाही तिथे जागा करून दिली. विदर्भातल्या उन्हाळ्यात, हाताशी असलेल्या साधनांवर त्यांनी चाक आणि भट्टी चालवली, मुलांना चालवायला दिली, ‘नई तालीम’ मासिकाचे संपादन केले आणि 1962 पर्यंत तिथे राहिले. त्यानंतर ते युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले आणि 1983 मध्ये दिल्लीला परतून पुन्हा चाकावर बसले.

देवीप्रसादांचे महत्त्व त्यांच्या भांड्यांइतकेच त्यांनी घेतलेल्या भूमिकेत आहे. हाताने काम करणारा आणि विचार करणारा अशी समाजाची विभागणी त्यांना मान्य नव्हती. आपल्याकडे ती विभागणी जातीच्या रूपाने पक्की झालेली आहे. शांतिनिकेतनात शिकलेला चित्रकार चिखलात हात घालतो, तेही अशा जिल्ह्यात जिथे कुंभारकाम म्हणजे बलुतेदाराचे काम, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याच विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून गावोगावच्या कुंभारांसाठी प्रशिक्षण आणि उत्पादनाचे केंद्र उभे केले. एका टोकाने शिकलेला माणूस मातीकडे येत होता, दुसऱ्या टोकाने कुंभार नव्या तंत्राकडे. या दोन वाटा एकमेकींना भेटल्या असत्या तर महाराष्ट्राचे मातीकाम आज वेगळे दिसले असते, असे मला मनापासून वाटते.

निर्मला पटवर्धन यांची वाट तिसरीच होती. शांतिनिकेतन, मग जर्मनीत स्टुटगार्ट, मग इंग्लंडात लीच यांच्याकडे काम, असा प्रवास करून त्या भारतात परतल्या आणि त्यांनी स्वतःला ग्लेझच्या शोधाला वाहून घेतले. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसणारी काच. वाळूतला सिलिका ही तिची मूळ काया. पण तो एकटा वितळायला सतराशे अंशांच्या वर तापमान लागते. म्हणून त्यात चुना, लाकडाची राख, फेल्डस्पार यांसारखे द्रावक घालायचे आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळू नये म्हणून चिनीमातीतून अॅल्युमिना द्यायचा. एवढे तत्त्व पुस्तकात मिळते. खाणीगणिक फेल्डस्पार बदलतो आणि झाडागणिक राख बदलते, हे मात्र ज्याचे त्यालाच भट्टीतून काढावे लागते. इंग्रजी पुस्तकातली कृती इथल्या मालावर उतरत नाही, तिथेच अनेकांचा धीर सुटतो. पटवर्धनांनी वर्षानुवर्षे चाचणीचे तुकडे भाजून ही अडचण सोडवली आणि ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या ग्रंथात आपल्या कृती सर्वांसाठी खुल्या केल्या. कुंभाराच्या घराण्यात झिलईची कृती जपून ठेवण्याची रीत असते, स्टुडिओतही ती पुष्कळ आढळते. त्या पार्श्वभूमीवर हे औदार्य मोठे आहे.

त्यांचे नाव विशेष जोडले जाते ते ‘चुन’ ग्लेझशी. सुंग काळातल्या चिनी कुंभारांची ही दुधाळ निळी झिलई. तिच्यात निळा रंग घातलेला नसतो. थंड होताना वितळलेल्या काचेचे दोन सूक्ष्म भाग पडतात, एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगत राहतात आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरून निळाई दिसते. आकाश निळे दिसते त्याच्याशी याचे नाते आहे. हे साधायला जाडी, घटकांचे प्रमाण, भट्टीतला प्राणवायू आणि थंड होण्याचा वेग हे सगळे एका दिवशी जुळून यावे लागते.

1971 साली देबोरा स्मिथ आणि रे मीकर हे अमेरिकी जोडपे पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाच्या आधाराने गोल्डन ब्रिज पॉटरी उभारायला बसले. देबोरा जपानात बिझेनला काम करून आल्या होत्या. त्यांनी स्थानिक तमिळ माणसांना हाताशी धरून रोजच्या वापराची भांडी करणारी कार्यशाळा घडवली. सुरूच्या लाकडावर भट्टी चालू लागली. मीकर यांनी 1980 च्या दशकापासून विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. आज भारतात ज्यांची नावे घेतली जातात अशा स्टुडिओ कुंभारांची लांबलचक यादी या एका अंगणातून निघाली. मुंबईत वास्तुरचना शिकून ऑरोव्हिलला स्थिरावलेले आदिल रायटर त्यांतलेच. मीकर यांनी कच्च्या विटांचे अख्खे घर बांधून ते जागेवरच भट्टीसारखे भाजण्याचे प्रयोगही केले. घराच्या पोटात दुसरा कच्चा माल रचायचा, म्हणजे तोही त्याच आगीत भाजून निघतो आणि इंधनाचा खर्च वाटला जातो. व्यवहारात ही पद्धत रुजली नाही, तरी एका कुंभाराने आपल्या हुनराची हद्द कुठवर ताणली याचा तो पुरावा आहे.

या सर्व नावांत एक जण जन्माने कुंभार आहे. ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या कुंभार कुटुंबातले. जयप्रकाश नारायण यांच्या आश्रमातल्या केंद्रात ते नव्या पद्धतीचे मातीकाम शिकले, मुंबईला आले आणि भाईंदरला त्यांनी स्टुडिओ उभारला. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरात काम पुढच्या पिढीने उचलले, म्हणजे कुंभाराच्या घराची जुनी रीत आणि स्टुडिओचे उंच तापमान त्यांच्याकडे एकत्र नांदले. अशी उदाहरणे इतकी थोडी का, हा प्रश्न स्टुडिओ कुंभारकामाने स्वतःला पुरेसा विचारलेला नाही. उंच आचेची भट्टी, विकतची माती, इंग्रजीतली पुस्तके आणि प्रदर्शनातली ओळख, या चारही गोष्टींना भांडवल लागते. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. तिथल्या माणसाचा चाकावरचा हात कुठल्याही कलाशाळेच्या पदवीधरापेक्षा जलद आणि खात्रीचा असतो. त्याच्या माठाला मिळणारी किंमत आणि त्याच शहरातल्या दालनात ठेवलेल्या वाडग्याची किंमत यांच्यातले अंतर मात्र कौशल्याने स्पष्ट होत नाही.

त्या माठाचा एक गुण इथेच सांगितला पाहिजे. तो नऊशे-हजार अंशांच्या आतच भाजलेला, सच्छिद्र असतो. पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार होते. बाराशे ऐंशी अंशांना भाजलेले स्टोनवेअर काचेसारखे घट्ट होते, म्हणून त्यात लोणचे टिकते पण पाणी गार होत नाही. कमी तापमान म्हणजे कमी दर्जा, हा समज शहरी वर्गांमधून पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. दोन्ही मातींची कामे वेगळी आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. स्टुडिओ कुंभाराचा दिवस चाकावर जातो, अशी बाहेरच्यांची कल्पना असते. चाक हा त्यातला लहान वाटा आहे. थानगड किंवा बिकानेरकडची माती, चिनीमाती, क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार यांची पोती आणायची, मिसळायची, चाळायची, भिजवून मुरवायची. मुरलेली माती हवा निघेपर्यंत मळायची. मग चाकावर गोळा मध्यावर आणायचा. नवशिक्याचे महिने इथेच जातात, कारण ताकद लावून गोळा मध्यावर येत नाही, कोपर स्थिर ठेवून येतो. एका मगासाठी सुमारे 400 ग्रॅम माती लागते. ओढलेला मग चामड्याइतका कडक झाला की उलटा ठेवून त्याची बैठक तासायची, कान ओढून चिकटवायचा, सावकाश सुकवायचा. कोकणच्या पावसाळ्यात भांडे आठवडाभर सुकत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात काठ सुकतो पण तळ ओला राहतो आणि चीर पडते. दोन्हीकडे प्लास्टिकच्या कागदाखाली भांडी झाका-उघडा करत राहणे हेच काम होऊन बसते.

मग पहिली भाजणी, साधारण हजार अंशांपर्यंत. 573 अंशांना क्वार्ट्‌झच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. तिथे घाई केली तर भांडे तडकते. उतरतानाही तोच धोका. त्यानंतर ग्लेझमध्ये बुडवायचे, तळ पुसून घ्यायचा, भट्टीतल्या फळ्यांवर भांडी रचायची आणि दुसरी भाजणी लावायची. दहा-बारा तास, लाकडाची भट्टी असेल तर त्याहून अधिक. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान सेगर यांनी 1886 साली शोधलेला मातीचा शंकू अजूनही भट्टीच्या झरोक्यातून पाहिला जातो. तो ठरल्या उष्णतेला वाकतो. तापमापक फक्त तापमान दाखवतो, शंकू मात्र उष्णता आणि काळ या दोहोंचा एकत्र परिणाम दाखवतो, म्हणून अनुभवी माणूस शंकूवर अधिक विसंबतो. गॅसच्या भट्टीत हवा कमी केली की आगीला प्राणवायू पुरत नाही आणि ती तो ग्लेझमधल्या धातूच्या ऑक्साइडकडून ओढून घेते. त्यातून तांबे लाल होते आणि थोडेसे लोह समुद्रासारखे हिरवट. शेवटी थांबायचे. शंभर अंशांच्या वर दार उघडले तर आठवड्यांचे काम टणटण आवाज करत तडकू शकते.

एवढे होईपर्यंत माती सुकण्यात आणि भाजण्यात दहा-बारा टक्के आकसलेली असते, काही कान निखळलेले असतात, काही तळ भट्टीतल्या फळीला चिकटलेले असतात. उरलेल्या मगाची किंमत लावायची आणि ती मोरबीच्या किंवा खुर्जाच्या साच्यातल्या मगाच्या शेजारी ठेवायची. स्टुडिओ कुंभाराच्या संसाराची ओढाताण या एका शेजारात आहे. मजुरी, इंधन, भाडे आणि फुकट गेलेला माल धरून प्रामाणिक किंमत लावली तर गिऱ्हाईक दचकते. दचकू नये म्हणून कमी केली तर कुंभार स्वतःच्या मजुरीला कात्री लावतो. पाठ आणि मनगटे ही यात आपसूक खर्ची पडतात, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली तर ती निघत नाही. म्हणून स्टुडिओत झाडू मारायचा नसतो, ओल्या फडक्याने पुसायचे असते. ही साधी शिस्तसुद्धा कित्येक ठिकाणी पाळली जात नाही.

मोजलेल्या किमतीच्या दुसऱ्या बाजूला एक गोष्ट ठळकपणे जमेची आहे. भारताच्या बऱ्याच भागांत कुंभाराच्या घरातल्या बाईने माती तिंबली, भांडी थापली, रंगवली, पण चाकाला हात लावायचा नाही असा दंडक होता. स्टुडिओने तो मोडला. बडोद्याच्या इरा चौधुरी आणि ज्योत्स्ना भट्ट, निर्मला पटवर्धन, देबोरा स्मिथ: या क्षेत्राच्या पहिल्या मोठ्या नावांत ही स्त्रियांची नावे आहेत, आणि आजही चाकावर बसायला येणाऱ्यांत मुली अधिक दिसतात. ज्योत्स्ना भट्ट यांची मांजरे आणि झाकणांची भांडी पाहिली की वापरायची वस्तू आणि शिल्प यांच्यात कुंपण घालणे किती निरर्थक आहे, ते कळते.

ते कुंपण अलीकडे वेगळ्या कारणाने चर्चेत आहे. 2018 साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकी भरली, 2024 मध्ये दुसरी दिल्लीत झाली. तिथे भिंतभर मांडण्या होत्या, कच्च्या मातीची कामे होती, आवाज आणि चित्रफिती होत्या. हे घडायलाच हवे होते. मातीला कलेच्या दालनात बरोबरीची खुर्ची मिळायला फार उशीर झाला आहे. माझी काळजी एवढीच की तरुण कुंभाराला मान आणि पैसा दालनातच मिळू लागला तर वाडगा, ताटली, चहाची किटली करणारे हात कमी होतील. चांगली किटली करणे शिल्पाहून सोपे नाही: चोचीतून धार तुटली पाहिजे, झाकण ओतताना पडू नये, कान भरल्या वजनाला बोटांत बसावा आणि तळ टेबलाला ओरखडू नये. यातली एकही गोष्ट चुकली तर वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. ही रोजची परीक्षा हातातून गेली तर माती हाताळण्याचे कसब उतरणीला लागते, असे मी मानतो.

पैशांचे गणित बहुतेकांनी शिकवणीवर सोडवले आहे. मुंबई, पुणे, नाशिक, पणजी, बंगळुरू इथे शनिवार-रविवारचे वर्ग भरलेले असतात. नोकरदार माणसे येतात, हात चिखलात घालतात, दोन वाकडे पेले घेऊन घरी जातात. काही जुने कुंभार याकडे नाराजीने पाहतात, कारण शिकवण्यात गेलेला वेळ स्वतःच्या कामातून कापला जातो. त्यांची तक्रार खरी आहे. तरी या वर्गांनी दुसरे एक काम केले आहे. ज्याने गोळा मध्यावर आणण्यात चार रविवार घालवले, तो प्रदर्शनात मगाची किंमत विचारून दचकत नाही. तो मग उलटा करून त्याची बैठक पाहतो, कानात बोट घालून तोल पाहतो, आणि घेतो. भाडे भरण्यासाठी सुरू झालेल्या या वर्गांतून स्टुडिओ कुंभाराला त्याचे जाणते गिऱ्हाईक मिळू लागले आहे.